पाचशेचा गठ्ठा

पहिल्या रात्री मी सगळंच मागितलं.
एकोणतीस लाख ओळी, एका दमात.
हॅलिफॅक्स आणि भोवतीच्या टेकड्यांवरची
घरं, मीटर, तासातासाचे आकडे.
सर्व्हरनं एक घोट घेतला, दुसरा घेतला
आणि ठसका लागून
गप्पच झाला.

सकाळी ग्रेअम हॅल्डेन चहात दूध ओतत म्हणाला,
धरण तोंडाला लावून पीत नाहीत, लव्ह.
कर्सर उघड. पाचशे-पाचशे घे.

हे मला माहीत होतं खरं तर.
मिरज जंक्शनला, आर.एम.एस.च्या खोलीत
बाबा टपालाचं पोतं कधी उलटं करायचे नाहीत.
हात घालून एक गठ्ठा काढायचा,
सुतळी सोडायची, पत्रं खणांत टाकायची,
जत, तासगाव, इस्लामपूर, पत्ता अर्धवट,
सुतळी मनगटाला गुंडाळायची
आणि मग पुढचा.
पहाटे घरी यायचे तेव्हा मनगटावर जाड कडं.
किती झालं ते त्यावरून कळायचं.
किती उरलंय हे पाहायला
ते पोत्यात कधी वाकले नाहीत.
कर्सरही वाकत नाही.
कुठवर आलो, एवढंच धरून असतो.

दुसरी रात्र. दहाला उघडला.
पाचशे. वाच, तपास, बाजूला ठेव.
पाचशे.
रात्रभर ज्या घरात आकडा शून्यावर येत नाही
तिथे कुठेतरी गळतंय.
त्या घराला पत्र.
पाचशे.
खिडकीबाहेर माळावरचं धुकं पार्किंगपर्यंत उतरलेलं,
माझी एकटीची गाडी, तीही अर्धीच दिसतेय.

कर्सरची एक खोड आहे.
उघडला त्या क्षणाचं जग
तो मुठीत धरून बसतो.
नंतर कुणी काही खोडो, काही लिहो,
त्याच्या गावी नसतं.

साडेअकराला खालच्या मजल्यावर
डॉरीन ॲक्रॉइडनं एक खातं बंद केलं.
कार्डर्स रो, घर नंबर सतरा.
ग्राहक मयत. मुलीचा फोन, कॅनडातून.

दोन वाजून दहा मिनिटांनी
माझ्या गठ्ठ्यात तेच घर आलं.
खातं चालू. अर्नेस्ट अर्नशॉ.
तासाला चार लिटर, रात्रभर, न चुकता.
प्रिय श्री. अर्नशॉ,
आपल्या घरी गळती असण्याची शक्यता आहे.

मी डॉरीनला फोन लावला.
ती म्हणाली, हो गं, तीनदा कळवलं होतं त्यानं,
बाथरूमचा नळ.
प्रत्येक वेळी आधी हवामानाबद्दल बोलायचा.

चालू ठेवलं. पाचशे. पाचशे.
माझाही एक उघडा आहे, दोन हजार अकरापासून.
त्यात ती खोली अजून तशीच,
दिव्याभोवती किडे,
बाबांच्या मनगटावर सुतळी.
तिकडे काय काय पुसलं गेलं ते फोनवर कळतं,
मी हो हो म्हणते,
ओळींत ते उतरत नाही.

सहा वाजता तीनशे बारा आले.
पुढच्या खेपेला काहीच नाही.
संपल्याची खूण एवढीच:
हात घालावा, आणि रिकामा यावा.

ग्रेअम आठला आला, कोट न काढताच
स्क्रीनकडे पाहून म्हणाला, अजून उघडाच?
तू धरून बसलीस की
मागच्या मेलेल्या ओळी झाडता येत नाहीत कुणाला.
साचत जातात. बंद कर.

एक बंद केला.

सतरा नंबरचं पत्र छपाईतून काढलं,
घडी केली, कुठे ठेवावं सुचेना,
पर्समध्येच राहिलं.
घराची किल्ली म्हणे शेजाऱ्यांकडे नाही,
मुलगी गुरुवारी पोचेल.
आज सोमवार.
तोवर कार्डर्स रोवर, बंद दारामागे,
तासाला चार लिटर.